मला, माझ्याकडे, माझ्यावर

आमच्या संध्याकाळच्या इंग्रजी वर्गात मावशी सगळ्यांत शेवटी येतात. कराडात त्यांची विद्यार्थ्यांसाठी खाणावळ आहे. दुपारची पंगत उरकायची, भांडी पडली असतील तर ती बघायची, रात्रीची कणीक मळून ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायची आणि मग पदर खोचलेलाच ठेवून चालत यायचं. बोटांच्या पेरांत पीठ वाळलेलं असतं. वही म्हणजे हिशेबाचीच लांबट वही. पुढच्या बाजूने मेंबरांचे पैसे आणि खाडे, मागच्या बाजूने इंग्रजी. खाणावळीत आता केरळची पोरं आहेत, मणिपूरची आहेत, त्यांच्याशी हिंदी अर्धीच चालते, म्हणून मावशींना इंग्रजी हवंय. त्या दिवशी मी फळ्यावर ‘हॅव’ घेतलं होतं. आय हॅव अ सन. आय हॅव अ फीवर. आय हॅव मनी. मावशींनी तिन्ही वाक्यं सावकाश उतरवली, प्रत्येकाखाली मराठी लिहिलं, पेन्सिलीचं टोक एकेका ‘हॅव’वर टेकवलं आणि मान वर केली.

“मॅडम, ल्योक बी हॅव, ताप बी हॅव नि पैसं बी हॅव. मग इंग्रजास्नी कसं कळतंय, कुठलं ऱ्हाणार नि कुठलं जाणार?”

वर्ग हसला. मावशी हसल्या नाहीत, त्या उत्तराची वाट बघत होत्या. मी म्हटलं, पुढच्यामागच्या बोलण्यावरून कळतं. ते खरंच आहे. पण रात्री भांडी विसळताना, दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर उभी असताना तो प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येत राहिला. त्यांनी व्याकरण विचारलंच नव्हतं, आणि तरी विचारलं होतं ते व्याकरणच.

आम्ही पाचवीत गेल्यावर एबीसीडी शिकलेली पिढी. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीलाच इंग्रजी आलं, त्याआधीची आमची गोष्ट. सर छडी टेबलावर आडवी ठेवून एका सुरात म्हणवून घ्यायचे, आय हॅव, वुई हॅव, यू हॅव, ही हॅज, शी हॅज, इट हॅज, दे हॅव. पाढ्यासारखंच ते तोंडात बसलं आणि आजही बसलेलं आहे. अर्थ सांगताना सर म्हणायचे, हॅव म्हणजे जवळ असणे. माझ्याजवळ पेन आहे, आय हॅव अ पेन. पेनापुरतं ते ठीक होतं. पुढे ‘आय हॅव टू ब्रदर्स’ आलं आणि अख्ख्या वर्गाने भाषांतर लिहिलं, माझ्याजवळ दोन भाऊ आहेत. सरांनी सगळ्यांना बरोबरची खूण दिली. मला तेव्हाही ते वाक्य खुपलं होतं. कारण माझा एक भाऊ तेव्हा मुंबईत मामाकडे शिकायला होता. जवळ तर तो नव्हता, पण मला भाऊ होता.

मराठीत हॅव नाही. एकेकाळी मला ती आपल्या भाषेतली उणीव वाटायची, आता तसं अजिबात वाटत नाही. एका क्रियापदाच्या जागी आपण ‘असणे’ घेतो आणि सगळं काम शब्दाच्या शेवटावर सोपवतो. मला भाऊ आहे, माझ्याकडे सायकल आहे, माझ्यात धमक आहे, माझी चूक आहे, माझ्यावर कर्ज आहे. इंग्रजीत या प्रत्येक ठिकाणी हॅव बसवता येतं, निदान ओढूनताणून तरी. मराठीत यातलं एक शेपूट दुसऱ्याला लावून बघा, अर्थच बदलतो. ‘माझ्याकडे भाऊ आहे’ म्हटलं की भाऊ काही दिवस राहायला आलाय. ‘माझ्याकडे पैसे आहेत’ म्हटलं की ते आत्ता खिशात आहेत, कुणाचे का असेनात. शेजारणीने भिशीचे ठेवायला दिलेलेही असतील. म्हणून तर हातउसने मागणारा ‘तुझ्याकडे पाचशे आहेत का’ असं विचारतो, ‘तुझे पाचशे आहेत का’ असं कधीच विचारत नाही.

कर्जाचा धडा मावशींनीच मला दिला. बचत गटातून त्यांनी मोठ्या शेगडीसाठी पैसे उचलले होते. सरावाला मी त्यांनाच लागू पडेल असं वाक्य दिलं, आय हॅव अ लोन. त्यांनी लगेच मान हलवली. “कर्ज कुठं माझ्याकडं हाय? माझ्याकडं असतं तर दिऊन टाकलं असतं. ते माझ्यावर हाय.” कर्ज अंगावर, डोक्यावर, बसलेलं. इंग्रजांच्या शेजारची आयरिश भाषाही असंच बोलते. तिच्यातही हॅव नाही. पुस्तक माझ्यापाशी आहे म्हणतात, आणि भूक, ताप, दुःख यांच्याबद्दल बोलताना ते माझ्यावर आहे असं म्हणतात. हे वाचलं तेव्हा मला मावशींचीच आठवण झाली.

आणि हे आपलं आणि आयरिश लोकांचंच नाही. संस्कृतात ‘मम पुत्रः अस्ति’, रशियनमध्येही माझ्यापाशी आहे अशाच धर्तीचं. जगभरातल्या भाषांच्या रचनांचा जो मोठा नकाशासंग्रह २००५ साली आला, त्यात २४० भाषांमध्ये ही गोष्ट तपासलेली आहे. हॅवसारखं क्रियापद वापरणाऱ्या निघाल्या ६३, म्हणजे जेमतेम चौथा हिस्सा. एमिल बेनव्हेनिस्त या फ्रेंच भाषावैज्ञानिकाने १९६० साली हॅवजातीच्या क्रियापदांचा उलगडा केला, तो मला फार पटतो. त्याचं म्हणणं असं की ही क्रियापदं म्हणजे ‘अमक्याला असणे’ हीच रचना, फक्त उलटी फिरवलेली. ‘मला पैसे आहेत’ यात पैसा कर्ता आहे, मी कडेला उभी आहे. ते उलटं केलं की मी कर्ता होते आणि पैसा माझ्या हाताखालचा. इंग्रजी हॅवचं मूळही हातातच आहे. पकडणे, धरणे या अर्थाच्या धातूपासून तो शब्द आला, लॅटिनमधल्या ‘कापेरे’चा तो नात्यातला. दिसायला जुळ्या भावासारखा असणारा लॅटिन ‘हाबेरे’ मात्र त्याचा कुणीच लागत नाही. म्हणजे कधीकाळी हॅव म्हणजे मुठीत घट्ट धरलेलं काहीतरी होतं. पुढे ती मूठ इतकी सैल झाली की तिच्यात ताप मावला, आंघोळ मावली, जेवण मावलं, डोकेदुखी मावली, शेवटी नाइलाजसुद्धा मावला.

इथे एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. मराठीत हॅव नाही म्हणून मराठी माणसाला हाव नाही, असं कुणी म्हणू लागलं की मी ते ऐकून घेत नाही. आमच्या भागात या. वीतभर बांध कोरला म्हणून सख्खे भाऊ वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढताना दिसतील. सातबाऱ्यावर जमीन असणाऱ्याच्या नावावर छापलेलं असतं ‘भोगवटादार’. किती निर्मोही शब्द! जमीन तुझी असं नाही, तू तिचा भोग घेणारा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ मधला हा शब्द. वर्ग १ म्हणजे हवी तेव्हा विकता येणारी जमीन, वर्ग २ म्हणजे सरकारची परवानगी लागणारी. पण ज्याच्या नावापुढे तो शब्द आहे त्याला विचारा, तो छातीवर हात ठेवून ‘माझी’ म्हणेल. भाषेत मूठ नाही म्हणून हाताला मूठ नसते असं नाही.

लग्न जमवतानाचं बोलणं आठवा. मुलाला शेती किती? मुलाला नोकरी आहे का? मुलाला बहिणी किती? तिन्ही प्रश्नांत ‘मुलाला’. शेती, नोकरी आणि बहिणी एकाच प्रत्ययाने मुलाला चिकटवलेल्या, जणू त्याला नाक-डोळे आहेत तशाच त्याही आहेत. तिथे कुणी ‘त्याच्याकडे चार एकर आहे’ म्हणालं की मुलीचा बाप सावध होतो. त्याच्याकडे, म्हणजे कुणाची? वाट्याने कसायला घेतलेली? गहाण? मी लहानपणी अशा बैठकींत चहाचा ट्रे घेऊन फिरलेली आहे. पोह्यांवरचं ओलं खोबरं, सतरंजीचा वास, नि मोठ्यांचं ते जपून एकेक प्रत्यय टाकत बोलणं. मुलीबद्दल मात्र ‘तिला काय काय आहे’ असा प्रश्न तेव्हा कुणी विचारलेला मला आठवत नाही. ‘तिला काय काय येतं’ असं विचारायचे. त्याला आहे, तिला येतं.

मुलीलाही वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच वाटा, हा कायदा महाराष्ट्राने १९९४ मध्ये केला, साऱ्या देशात तो २००५ साली आला. आणि तरीही दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर हक्कसोडपत्राच्या कागदावर सही करायला आलेल्या बहिणी मी पाहिल्या आहेत. इस्त्रीची साडी, हातात भावाने आणून दिलेली थंड पेयाची बाटली. मावशींनीही केलीय ती सही. एकदा वर्ग सुटल्यावर चप्पल घालता घालता त्यांनी सहज सांगितलं. माहेरी विहिरीची जमीन, ऊस उभा, बारा महिने पाणी. मी विचारलं, का केलीत? त्या म्हणाल्या, “जमीन भावांकडं ऱ्हाऊ दे की. मला भाऊ ऱ्हायला पायजेत.” मला हे पटत नाही. भाऊ टिकवायला बहिणीनेच जमीन का सोडायची, भावाने बहीण टिकवायला अर्धं शेत का द्यायचं नाही, हा राग माझ्या मनात आजही आहे. पण त्या वाक्यातलं ‘भावांकडं’ आणि ‘मला’ कुणी शिकवून येत नाही. काय हातात ठेवायचं नि काय अंगाला लावून घ्यायचं, हे त्यांनी दोन प्रत्ययांत मांडलं होतं. इंग्रजीत हे सांगायला गेलं तर दोन्हीकडे हॅवच येईल.

मग मला वाटू लागलं की उत्तर सापडलं. जाणारं ते ‘माझ्याकडे’, राहणारं ते ‘मला’. पैसा माझ्याकडे, मुलगा मला. वर्गात हे सांगायचं असं ठरवलंही होतं. पण मावशींच्या वहीतली तीन वाक्यं पुन्हा डोळ्यांसमोर आली. त्यांनी मराठी काय लिहिलं होतं? मला लेक आहे. मला ताप आहे. माझ्याकडं पैसं हाय. लेक आणि ताप, दोघांनाही ‘मला’! हिंदीने तरी इथे वेगळी सोय केलीय. ‘मेरे दो बेटे हैं’ पण ‘मुझे बुखार है’. मराठीत तीही नाही. आपण पोटच्या पोराला आणि अंगातल्या तापाला एकच प्रत्यय लावतो, आणि भूक, राग, घाई, सवय, लाज, सासू, बहीण, सगळं त्याच रांगेत. या साऱ्यांत सारखं काय असेल तर एवढंच, की त्या आपण उचलून आणलेल्या नाहीत. मला मुलगा झाला, मला ताप आला, मला राग आला, मला सासू मिळाली. आल्या आणि आपल्याला लागल्या. राहतील की जातील हे ‘मला’ सांगत नाही. मावशींचा एकुलता एक लेक आखातात आहे. फोन येतो, पैसे येतात, तो येत नाही. हे मला नंतर कळलं. कुठलं राहणार नि कुठलं जाणार हे त्या इंग्रजांबद्दल विचारत होत्या की स्वतःबद्दल, मी अजून विचारलेलं नाही, विचारणारही नाही.

शिकवणं मात्र थांबवता येत नाही. पुढच्या वेळी मी फळा पुसून नव्याने सुरुवात केली, आणि आता हॅव असंच शिकवते. ‘जवळ असणे’ हा अर्थ देतच नाही. आधी मराठी वाक्यं मागते, मला-वालं एक, माझ्याकडे-वालं एक, माझ्यावर-वालं एक. ती फळ्यावर आली की बायकांच्या लक्षात येतं की एका हॅवमागे किती जणी उभ्या आहेत. मग हॅज. ही, शी, इट आले की हॅज, पण प्रश्नात ‘डझ’ आला की ‘ज’चा आवाज त्यानेच घेतला, म्हणून पुढे पुन्हा हॅव. डझ ही हॅव. ही डझन्ट हॅव. ‘डझन्ट हॅज’ कधीच नाही. ‘आय ॲम हॅविंग टू सन्स’ ही आपल्याकडची सवय घालवायला जास्त वेळ लागतो. त्याला मी एवढंच सांगते, चालू काळात बसतं ते सुरू होऊन संपणारं असतं. जेवण चालू असतं, मुलगा चालू नसतो. ही इज हॅविंग डिनर म्हणा, खुशाल म्हणा. ‘हॅव टू’ला मराठीतला ‘मला’ पुन्हा कामाला येतो. आय हॅव टू गो, मला जायचंय, मला जावं लागतंय. कामसुद्धा तापासारखंच आपल्याला येऊन लागतं, हे दोन्ही भाषांना कळलेलं आहे.

सगळ्यांत घाबरवणारं वाक्य मावशींना रोज लागणारं होतं. रात्री दहाला प्रॅक्टिकल आटोपून एखादं पोरगं दारात उभं राहतं. त्याला विचारायचं, हॅव यू हॅड युवर डिनर? एकाच वाक्यात हॅव आणि हॅड. हे दोन कशाला, असं सगळ्याच विचारतात. पहिल्याचा अर्थ धरणं नाही आणि दुसऱ्याचाही नाही. दुसरं म्हणजे जेवणं, पहिलं म्हणजे झालं का. आणि हे सांगताना मला आपलीच भाषा नव्याने दिसली. आपण काय विचारतो? तुझं जेवण झालं का? तुझं जेवून झालं का? माझं झालं, त्याचं व्हायचंय. काम पुरं झाल्याचं सांगायला आपणही ‘माझं’च वापरतो. मालकीचं शेपूट उचलून आपण ते पूर्ण झालेल्या गोष्टीला जोडतो. इंग्रजीतही तसंच घडलं. ‘पत्र लिहिलेलं माझ्यापाशी आहे’ या अर्थाचं बोलता बोलता ‘मी पत्र लिहिलं आहे’ हा अर्थ झाला, हॅवमधली मालकी गळाली आणि ‘झालं’ तेवढं उरलं. फळ्यावर मी दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहिली. मावशी बघत राहिल्या, ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणाल्या आणि मग मोठ्यानं म्हणाल्या, “म्हंजे ‘तुजं झालं का’ एवढंच की.”

एवढंच.

सध्या त्यांचं चाललंय ते दारावरच्या पाटीचं. रोजची भाजी मराठीत खडूने लिहितात, बाहेरच्या पोरांना वाचता येत नाही, म्हणून इंग्रजीत लिहायची आहे. टुडे वुई हॅव, आणि खाली भाज्या. वांग्याला, गवारीला, आमटीला काय म्हणायचं यावर बराच वेळ गेला. आमटीला आमटीच ठेवू असं ठरलं. मग त्यांनी विचारलं, “हे ‘वुई’ म्हंजे आमी का आपण?” मी सांगितलं, इंग्रजीत दोन्हीला एकच. ते त्यांना अजिबात आवडलं नाही. दुकानदार आपल्याला ‘आपल्याकडं साखर आहे’ म्हणतो, आणि गिऱ्हाइकालाही त्या साखरेत धरतो. ‘आमच्याकडं’ म्हटलं की गल्ला मध्ये येतो. मणिपूरच्या पोराने पाटी वाचली तर आज घरी वांगं आहे असं त्याला वाटायला हवं, विकायला ठेवलंय असं नाही, हे त्यांचं म्हणणं. मग इंग्रजी ओळ तशीच ठेवून तिच्या वर, त्याला वाचता येणार नाही हे ठाऊक असूनही, त्यांनी मराठीत लिहिलं, ‘आज आपल्यात’. त्याला ते काय आहे हे समजावून सांगायला किती इंग्रजी लागेल, असं आता त्या मला दर वर्गाला विचारतात. आम्ही त्या वाक्यावर काम करतोय.